शेपटीची जागा

आमच्या मंडळात सगळ्यात शेवटी चालणाऱ्या माणसाला शेपटी म्हणतात. पुढं चालतो तो वाटाड्या, शेवटी चालते ती शेपटी, आणि मधल्यांना काही नाव नाही. नवीन आलेला माणूस हे ऐकून हसतो. मीही हसली होती. मग ते काम माझ्याकडे आलं आणि इतकी वर्षं राहिलं, की माझ्या खऱ्या नावानं हाक मारणारे थोडेच उरले. भाजीबाजारात कोणी भेटलं की, "का शेपटी काकू, बऱ्या आहा ना?" फुलचूरला माझ्या शेजारी एक नवी सून आली आहे. तिला बरेच दिवस वाटायचं, की हे लोक म्हातारीला चिडवतात आणि म्हातारी बिचारी ऐकून घेते.

मंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. गोंदियातले आणि आजूबाजूच्या गावांतले, पायी फिरायची हौस असलेले लोक. कोणी मास्तर, कोणी राईस मिलवाला, कोणी बँकेतला, कोणी शेतकरी. महिन्यातून एखाद्या रविवारी जंगलाच्या कडेनं नाहीतर तलावाच्या पाळीनं चालायचं, पाखरं पाहायची, पोहे खायचे आणि दुपारपर्यंत घरी. धान घरात आल्यावर, थंडीत, वर्षाचं संमेलन. तीन दिवस कुठंतरी मुक्काम, कार्यशाळा, कार्यकारिणीची सभा आणि एक मोठी चढण. मी या मंडळात कशी आली ते सांगायला गेली तर लांबेल. एवढंच सांगते, की माझे मालक गेल्यावर मुलगा रायपूरला, मी घरात एकटी, आणि कॉलनीतल्या एका मास्तरीणबाईनं मला ओढत नेलं. ती दोन फेऱ्यांनंतर यायची बंद झाली. मी राहिली.

शेपटीचं काम असं. तिनं कोणालाही मागं टाकून पुढं जायचं नाही. कोणी बसला तर तिनं उभं राहायचं, कोणी झुडपाआड गेला तर पाठ करून थांबायचं. आणि सगळ्यात शेवटी मुक्कामावर पोचल्यावर मोठ्यानं म्हणायचं, "माझ्या मागं कोणी नाही." हे वाक्य झाल्याशिवाय डब्याचं झाकण उघडत नाही. कोणी कितीही भुकेला असो. फार पूर्वी एकदा म्हणे एक माणूस बांबूच्या रानात मागं राहिला आणि बाकीचे जेवून, भांडी घासून, गाडीत बसून मोकळे. तो संध्याकाळी चालत डांबरी रस्त्याला लागला आणि पुन्हा मंडळात आला नाही. तेव्हापासून हे वाक्य आहे.

सभेतही तोच रिवाज. सतरंजीवर चालायच्या क्रमानं बसायचं. वाटाड्या एका टोकाला, शेपटी दुसऱ्या टोकाला. बोलायची पाळी त्याच क्रमानं येते, आणि शेवटचा शब्द शेपटीचा. तिनं "मागं कोणी नाही" म्हटलं की सभा उठली.

मला हे काम आवडायचं. का आवडायचं ते मी कोणाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. लग्न होऊन आली तेव्हापासून मी घरात शेवटी जेवली. त्यात रडगाणं काही नाही, तेव्हा साऱ्याच बाया तशाच जेवायच्या. भाताच्या गंजात काय उरलं ते पाहायचं आणि त्यावर भागवायचं. इथंही मी शेवटीच पोचायची, पण इथं माझ्यासाठी सगळे थांबलेले असायचे. मोठमोठे लोक, मिलचे मालक, प्राध्यापक, हात धुऊन बसलेले आणि वाटेकडे डोळे लावलेले. मी आली की चेहरे उजळायचे. ते माझ्यासाठी उजळायचे की पुरीसाठी, यात मी कधी शिरली नाही.

एक तक्रार मात्र माझी दरसालची होती. सकाळच्या फेरीनंतर मिळणारे पोहे थंड असायचे. पोहे करणारा भाऊ कायमचा ठरलेला, त्याचा हात चांगला, पण पोहे आपले गार. सभेत 'ऐनवेळचे विषय' आले की मी हा विषय काढायचीच. तो भाऊ दारातून ओरडायचा, "काकू, मी तं गरमच उतरवतो!" मी म्हणायची, "मंग काय मले पाहून थंड होतात का?" लोक हसायचे आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा.

यावर्षीचं संमेलन आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या पायथ्याशी होतं. सुटीमुळे रिकामी असलेली एक शाळा मिळाली होती. वर्गावर्गात सतरंज्या, फळ्यावर कोणाच्या तरी हातचे पाढे तसेच.

पहिल्या दिवशी सकाळी कार्यशाळा झाल्या. आमचे सचिव कॉलेजात खेळ शिकवतात, त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी दोराच्या गाठी शिकवल्या. गाठींची नावं मोठी होती, आणि प्रत्येक गाठ कुठल्या संकटात कामी येते ते सर सांगायचे. तेवढी संकटं आमच्या मंडळावर एकदम यायची म्हणजे आम्हाला देश सोडून जावं लागेल. राईस मिलवाले आमचे शेठ, अंगानं भारी माणूस, त्यांनी स्वतःच्या कमरेला गाठ मारून घेतली आणि ती सुटेना. सर पुढच्या गाठीवर गेले तरी शेठ खांबाला बांधलेलेच. "सर, ये वाली तो पक्की है. अब मेरे को घर कब भेजोगे?"

मग नकाशा वाचायची कार्यशाळा झाली. त्यात मला झोप लागली. तिसरी प्रथमोपचाराची. ती एका सिस्टरनं घेतली. पोरगी अर्जुनीकडची, सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मंडळात नवीनच. बारीक अंगाची, पण आवाज असा की वॉर्डातले पेशंट उठून बसत असतील. तिनं मला समोर निजवलं, माझा पाय मोडला असं जाहीर केलं आणि लाकडाच्या दोन पट्ट्या लावून बांधून दाखवला. बांधताना म्हणाली, "काकू, कण्हा ना थोडं." मी कण्हली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी तिनं रांगेबद्दल सांगितलं, की सगळ्यात हळू चालणाऱ्याला नेहमी समोर ठेवावं. तो मागं असला की रांग ताणते आणि तुटते, समोर असला की सगळे त्याच्या चालीनं चालतात. मी पाय बांधलेल्या अवस्थेत मान हलवली. मला वाटलं, ही शेठबद्दल बोलते आहे.

दुपारी जेवणानंतर सभा बसली. आमचे अध्यक्ष दवनीवाड्याचे शेतकरी, माझ्याच वयाचे. वाटाड्याही तेच. ते सतरंजीच्या त्या टोकाला, मी या टोकाला. आधी टोपीच्या रंगावर चर्चा झाली. टोपी हिरवी असावी म्हणजे पाखरं घाबरत नाहीत, असं एका बाजूचं म्हणणं. भगभगीत असावी म्हणजे माणूस हरवत नाही, असं दुसऱ्या बाजूचं. दोन्ही बाजूंनी आवाज चढला. शेवटी टोपीची एक उपसमिती झाली. आमच्याकडे ज्या विषयाला उपसमिती मिळते तो विषय सुखानं मरतो.

मग सरांनी कागद उलटला आणि माझ्याकडे न पाहता वाचलं, "पुढचा विषय. शेपटीच्या जबाबदारीबाबत धोरण."

मी सरळ बसली.

सर चांगला माणूस आहे. त्यानं कोणाचं मन दुखवू नये म्हणून इतके वळसे घेतले, की अर्ध्या लोकांना कळेचना तो काय म्हणतो आहे. जंगलात जबाबदारी वाढली आहे. मागच्या माणसाजवळ औषधाची पिशवी पाहिजे, ती वापरता आली पाहिजे. काही झालं तर माणसाला आधार देऊन आणता आलं पाहिजे. काकूंचं योगदान तर आहेच, पण.

त्या 'पण'वर तो थांबला. पुढचं कोणीतरी बोलावं म्हणून त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, गोष्ट अशी आहे. मागच्या साली तू लई उशिरा पोचली. आमी बसून राहिलो, तू येऊनच नाही राहिली. मले वाटलं, कोणाले तरी काही झालं. तं कोणालेच काही झालं नव्हतं. तूच हळू चालून राहिली होती." मग जरा थांबून, "तुले वाईट नको वाटू देऊ."

"वाटून राहिलं," मी म्हटलं.

"काऊन? खोटं बोललो का मी?"

"खरं बोलले म्हणूनच."

शेठ मधून म्हणाले, "काकू को हटाओगे तो रास्ते में मुझे डांटेगा कौन?" लोक हसले, पण मला त्यात कोणाची बाजू दिसली नाही. मग सरांनी सिस्टरचं नाव सुचवलं. ती खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत बसली. मला तिचा राग यायला पाहिजे होता. सकाळीच तिनं माझा पाय इतका नीट बांधला होता, की तो येईना.

रिवाजाप्रमाणे फिरत फिरत शेवटचा शब्द माझ्याकडे आला. स्वतःच्याच जागेबद्दल शेवटचा शब्द स्वतःलाच मिळणं, हे आमच्याच मंडळात होऊ शकतं. मी म्हटलं, "उद्या गडावर करून पाहा. सिस्टर मागं, मी तिच्या समोर. मंग दुपारी बसू आणि बोलू." आणि "मागं कोणी नाही" म्हणून सभा उठवली.

आवाज मी मोठेपणाचा काढला होता, पण मनात हिशेब वेगळा होता. मला वाटत होतं, दवाखान्यातली पोरगी, भरभर चालायची सवय. दोन वळणांतच ती लोकांना मागं टाकून पुढं येईल आणि दुपारी माझी जागा माझ्याकडे परत येईल. माझी ती जागा जावी अशी माझी जराही इच्छा नव्हती. हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. प्रतापगडला वर महादेव आहे, दर्गा आहे, लोकांची ये-जा असते. वाट काही अवघड नाही, पण चढ आहे तो आहेच. अध्यक्ष पुढं, त्यांच्या मागं सगळी रांग, मग शेठ, मग मी, मग सिस्टर.

शेपटीला माणसं चेहऱ्यानं कळत नाहीत, पाठीनं कळतात. अध्यक्ष चढावर डावा खांदा पुढं काढून चालतात, बैलाच्या जोडीत डावीकडचा बैल ओढतो तसे. सरांच्या पाठीवरची पिशवी कधी हलत नाही. शेठ दमायच्या आधी मान खाजवतात, मग मला कळतं की आता हा बसणार. मला हे सगळं पाठ होतं. पण त्या दिवशी नवीन ते हे, की माझ्या स्वतःच्या पाठीला कोणीतरी होतं. पावलं वाजत होती. मी थांबली की थांबायची, मी निघाली की निघायची. मी दोनदा मागं वळून म्हटलं, "तू जा ना समोर." ती म्हणायची, "नाही काकू, तुम्ही चाला. मी आहे." तिला दवाखान्यात हे वाक्य म्हणायची सवय असावी. मला मात्र ते अंगावर आल्यासारखं झालं. इतकी वर्षं 'मी आहे' हे म्हणायचं काम माझं होतं.

भरभर चालून पुढं येईल हा माझा हिशेब तर पहिल्या चढावरच चुकला. ती माझ्या चालीनं चालत होती, अगदी माझ्या चालीनं.

अर्ध्यावर शेठनं मान खाजवली. मी म्हटलं, "बसा." ते बसले, आणि पाय पाहतात तर बुटाचा तळ पुढून पार उघडलेला, मगरीनं तोंड उघडावं तसा. नवे बूट ते मंडळात मिरवायला आणायचे, पण यावेळी नातवाच्या लग्नाच्या गडबडीत जुने घालून आले होते. "लो, जूता भी भूखा हो गया," म्हणाले.

सिस्टरनं औषधाची पिशवी उघडली, पायाला बांधायची लांब पट्टी काढली आणि बुटाला बांधायला बसली. काल माझा पाय बांधला होता तशीच, त्याच गंभीर चेहऱ्यानं. "शेठजी, कण्हा ना थोडं," मी म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही हळूहळू निघा. ऊन होईल. आम्ही आलोच."

मी शेपटी असती तर हललीही नसती. पण शेपटी ती होती. थांबायचं काम तिचं, जायचं काम माझं. मी निघाली. मागं दोन माणसं ठेवून पुढं जाणं मला त्या दिवशी पहिल्यांदाच जमवावं लागलं, आणि दर चार पावलांवर मी मागं पाहत होती.

वर पोचली. सगळे झाडाखाली गोल बसलेले, हात धुतलेले, पुरीचे डबे मधोमध. मी वळणावर दिसली आणि कोणीतरी ओरडलं, "आली शेपटी! वाढा!"

झाकणं उघडली. पुरी, आलूची भाजी, मिरचीची चटणी. मी म्हटलं, "अरे थांबा. मागं दोघं आहेत." पण तोवर वाढपी उठले होते, डबे खणखणत होते, आणि एवढ्या भुकेल्या माणसांत एका बाईचा आवाज तो केवढा. सरांनी माझ्या हातात प्लेट दिली. मी म्हटलं, "सर, सिस्टर यायची आहे." सर पलीकडे कोणाला तरी भाजी कमी पडली ते पाहत होते. मी अध्यक्षांजवळ गेली. त्यांच्या तोंडात घास होता. ते प्रेमानं सतरंजी थोपटून म्हणाले, "बस बाई, बस. तू आली म्हणजे सारे आले."

मी प्लेट खाली ठेवली आणि वाटेकडे तोंड करून उभी राहिली. तेवढंच हातात होतं.

थोड्या वेळानं दोघं वळणावर दिसले. पुढं शेठ, एका बुटाला पांढरी पट्टी बांधलेली, काठी टेकत. मागं सिस्टर. शेठ गोलाजवळ आले, सगळ्यांच्या प्लेटा पाहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वाह भाई वाह! बारात खा गई और दूल्हा रास्ते में!"

पुऱ्या हातातच राहिल्या.

सिस्टर आली, थांबली. तिनं बहुतेक सकाळपासून ते वाक्य मनात घोकलं असेल, पहिल्यांदाच म्हणायचं म्हणून. आता ते कोणासाठी म्हणायचं? पण तिनं म्हटलं. वॉर्डातल्या आवाजात नाही, साध्या आवाजात. "माझ्या मागं कोणी नाही."

अध्यक्षांनी तोंडातला घास कसाबसा गिळला.

दुपारी खाली येऊन सभा बसली तेव्हा आधी बसायचीच पंचाईत झाली. सतरंजीचं शेवटचं टोक रिकामं, आणि मी आणि सिस्टर दोघी उभ्या. "काकू, तुम्ही बसा." "नाही, तू बस." सगळे आमच्याकडे पाहत होते. शेवटी ती माझ्याआधी टेकली आणि टोकाची जागा माझ्यासाठी सोडली. मीही बसली. सवयीनं बसली म्हणा.

सभेत सगळ्यांची माफी मागायची चढाओढ लागली. अध्यक्ष म्हणाले, "चूक आमची आहे. बाई सांगून राहिली होती, आमी ऐकलंच नाही. मी तं म्हणतो, हा विषयच कायले पाहिजे? होती तशी बाईच राहू द्या." सर म्हणाले, ते प्रस्ताव मागे घेतात. टोपीच्या दोन्ही बाजू पहिल्यांदाच एका मताच्या झाल्या. शेठ म्हणाले, "सिस्टर ने मेरे जूते की जान बचाई है, उसको भी कुछ दो." त्यावरही कोणाचं दुमत नव्हतं. जे मला पाहिजे होतं ते सतरंजीवरून सरकत सरकत माझ्याकडे येत होतं.

आणि मी त्या टोकाला बसून सकाळची गोष्ट आठवत होती. राग नव्हता. मला फक्त इतकं दिसत होतं, की त्यांनी वाक्याची वाट पाहिली नव्हती, माझी पाहिली होती. मी दिसली की जेवायचं, अशी त्यांना सवय झाली होती. उद्या मी तापानं घरी राहिली तर हे लोक एक तर उपाशी बसतील, नाहीतर कोणाला तरी रानात विसरून जेवतील. आणि हळू चालते मी, हेही खरंच होतं. पाठीवर तिची पावलं वाजत होती तेव्हा मला माझी चाल पहिल्यांदाच ऐकू आली होती.

माझी पाळी आली. मी उठली, आणि सिस्टरच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली, म्हणजे टोकाची जागा तिची झाली. गुडघ्यामुळे उठता-बसताना वेळ लागला.

"सरक तिकडं," मी तिला म्हटलं. "आता शेवटचा शब्द तुझा."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. मला वाटलं, ही आता माझं योगदान वगैरे काढते. ती म्हणाली, "मग माझं एकच म्हणणं आहे. उद्यापासून काकूले सगळ्यात समोर ठेवा. काल सांगितलं होतं ना मी, हळू चालणारा समोर पाहिजे."

"हळू?" मी म्हटलं. "ते शेठबद्दल होतं ना?"

"नाही काकू. तुमच्याबद्दलच होतं."

अध्यक्ष पोट धरून हसले. "घे बाई! आता माह्या पुढं चाल. पाहतो मी बी, कशी चालून राहिली तं!" सिस्टरनं "मागं कोणी नाही" म्हटलं आणि सभा उठली. मला जरा रडू आलं, पण चहा आला म्हणून ते राहून गेलं.

तिसऱ्या दिवशीची फेरी छोटी असते. पायथ्याच्या रानातून तलावापर्यंत जायचं, तिथं पोहेवाला भाऊ आधीच चूल मांडून बसलेला असतो. मग सामान बांधून घरी. मी सगळ्यांच्या पुढं उभी राहिली. अध्यक्ष वाट सांगायला माझ्या मागं.

समोर एकही पाठ नव्हती. मला कुठं पाहावं तेच कळेना. पहिल्याच वळणावर तोंडावर कोळ्याचं जाळं आलं. पुसलं, तर पुढं दुसरं. गवतावरचं दव सगळं माझ्या लुगड्याच्या काठाला. इतकी वर्षं मी याच रानातून चालली, मला कधी जाळं लागलं नव्हतं. वाट माझ्यापर्यंत पुसून यायची, ते मला माहीतच नव्हतं. मी अध्यक्षांना म्हटलं, "तुमी रोज हे तोंडावर घेता?"

"मंग काय तं," ते म्हणाले. "तुले वाटलं, मी हौसेनं तोंड पुसून राहतो?"

मी सवयीनं मागं पाहायला थांबायची आणि सगळी रांग एकमेकांवर आदळायची. अध्यक्ष म्हणायचे, "चाल ना माय, मागचं मागचे पाहतील." तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मागून, पार शेवटून, वॉर्डातला आवाज आला, "काकू, मी आहे! चाला!"

तलावावर मी सगळ्यांच्या आधी पोचली. पोहेवाल्या भावानं मला पाहिलं आणि त्याच्या हातातला झारा तसाच राहिला. "काकू? तुमी पयले? काय झालं?"

"काही नाही झालं. बढती झाली."

त्यानं तेव्हाच कढई उतरवली होती. पोह्यांतून वाफ निघत होती, शेंगदाणे, कांदा, वरून कोथिंबीर, बाजूला तर्रीचं भांडं. थंडीत तो वास असा आला, की मी झाकणाला हात घातला. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हात काढून घेतला आणि पाळीवर बसली.

एकेक जण येत होता, हात धुऊन बसत होता. अध्यक्ष, सर, टोपीच्या दोन्ही बाजू. वाफ कमी होत गेली. शेठ अजून दिसत नव्हते, म्हणजे सिस्टरही नव्हती. पुढं पाठ नाही आणि मागून आवाज नाही, नुसतं वाटेकडे पाहत बसायचं. मला भूक लागली होती. मी सरांना म्हटलं, "काऊन एवढा उशीर करून राहिले हे?"

सर आणि बाकीचे सगळेच तलावाकडे पाहून ओठ दाबत होते.

वाफ यायची पूर्ण थांबली तेव्हा शेठची काठी वाजली आणि त्यांच्या मागून सिस्टर आली. तिनं मागं वळून वाट एकदा शेवटपर्यंत पाहिली आणि म्हटलं, "माझ्या मागं कोणी नाही."

पहिली प्लेट भावानं मला दिली. मी घास घेतला. पोहे गार होते.

तो झारा घेऊन समोरच उभा होता, मी काय म्हणते ते ऐकायला.

"बरे झाले आहेत," मी म्हटलं. "वाढ अजून."